बोआतेंगचे केस

असिएदूकाकांच्या थोरल्या नातीचं बारसं झालं त्या वर्षी, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी काका बोआतेंगच्या दुकानात शिरले आणि म्हणाले, "आज खुर्चीत तू बस."

बोआतेंग इटलीतल्या पालेर्मोत राहणाऱ्या घानाच्या लोकांचा न्हावी. त्या खुर्चीत तो स्वतः कधी बसला नव्हता. आपले केस आपणच आरशात बघून कापायचा. मागची बाजू दरवेळी वाकडी यायची आणि गिऱ्हाइकं आठवडाभर हसायची. यंदा तर उन्हाळ्यापासून कात्रीच लावली नव्हती. नाताळला तो बऱ्याच वर्षांनी घानात, कुमासीला आईकडे जाणार होता. आईनं फोनवर बजावलं होतं, "बापासारखं टक्कल घेऊन आलास तर दार उघडणार नाही." म्हणून डोक्यावर रान माजलं होतं.

बाकावरचे चौघे रोज मॅचवरून भांडायचे. आज टीव्ही बंद होता. त्यांच्यातला, कुणासाठी कधी जागचा न उठणारा दान्सो पाण्याचा ग्लास घेऊन आला.

"काय रे, माझं लग्नबिग्न ठरवलंत की काय?" बोआतेंग म्हणाला.

"पाणी पी," दान्सो म्हणाला.

तो प्यायला. काकांनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. गाठ चुकीच्या बाजूला बसली.

"काका, तुम्ही जन्मभर टोमॅटो तोडलेत. मशीन घ्या. कडेनं बारीक करा, पण कपाळावरचे राहू द्या. आई आधी तिथंच बघेल."

"मशीन नको," काका म्हणाले. "वस्तरा कुठाय?"



याच खुर्चीत बोआतेंगनं किती जणांची डोकी वस्तऱ्यानं साफ केली होती. गावाकडून फोन वडीलधाऱ्यांना यायचा. आई-बाप गेल्याचं एकदम तोंडानं सांगायची रीत नव्हती. वडीलधारे त्या माणसाला बसवायचे, पाणी पाजायचे आणि बोआतेंगला खूण करायचे. पाण्याचा ग्लास तेव्हा बोआतेंगच आणायचा.

त्यानं आरशात बघितलं. कपाळावरच्या केसांवरून एकदा हात फिरवला.

"खालच्या खणात आहे," तो म्हणाला. "पातं नवं घाला. आणि मागून सुरुवात करा, काका. पुढचे शेवटी."

काकांनी तसंच केलं.

बोआतेंगची आई, आमा पोमा, त्याच आठवड्यात गुरुवारी पहाटे कुमासीला वारली.