मामांची वाटी

मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पाणी लागलं की ते बाजेवरून स्टीलची वाटी भिंतीवर तीनदा वाजवायचे. सहा वर्षं मी धावले. ते गेल्यावर, चांगली वाटी वाया कशाला घालवायची, म्हणून ती पोपटाच्या पिंजऱ्यात ठेवली.

पोपटही तिच्यावर तीनदाच चोच मारायला लागला.

वैतागून मी सेलूच्या बाजारातून प्लास्टिकचं भांडं आणलं आणि वाटी पेटीत टाकून कुलूप लावलं.

आज कापूस वेचून आले, भिंतीला टेकले, तोच तीन ठोके पडले. स्टीलचेच.

"पी की मेल्या, भरलेलंच हाय!" मी ओरडले.

पोपट चोच मिटून रिकाम्या बाजेकडं बघत होता.

पुन्हा तीन ठोके पडले.

"आले, मामा," म्हणत मी तांब्या घेऊन उठले.