मरीनाची पाटी

"ही पाटी सपाट नाहीये, चाची," निकेत म्हणाला. त्यानं ती लंबगोल पितळी पाटी टेबलावर ठेवून एका कडेला बोटानं दाबली. पाटी होडीसारखी डुलली.

तैयबा त्या डुलण्याकडे बघत राहिली. दिघीहून फेरीबोटीनं खाडी ओलांडली, तेव्हापासून तिला सगळंच हलतंय असं वाटत होतं. किहीमच्या या नारळीच्या वाडीत ऊनसुद्धा पाण्यासारखं हलत होतं. निकेत जुन्या जहाजांच्या वस्तू जमवायचा. घंटा, कंदील, होकायंत्रं, जिकडंतिकडं तेच. आपण समुद्राच्या तळाशी येऊन बसलोय की काय, असं तिला क्षणभर वाटलं.

तिची मुलगी अरिबा तिला इथं घेऊन आली होती. बोर्लीजवळ त्यांचं नवं घर बांधून झालं होतं आणि तिच्या म्हाताऱ्या नवऱ्यानं, हमदुल्लांनी, एकच गोष्ट मागितली होती. माळ्यावरची ती पाटी दाराला लावा.

हमदुल्ला तरुणपणी मालवाहू जहाजावर तेलवाले होते, इंजिनाला तेल घालायचे. इटलीच्या एका फेरीवरून येताना त्यांनी ही पाटी आणली.

"काय हाय ह्ये?" तैयबानं तेव्हा विचारलं होतं.

"तिकडची आठवण."

पुढं अरिबा शाळेत इंग्रजी अक्षरं शिकली आणि एक दिवस पाटी हातात घेऊन म्हणाली, "अम्मी, यावर मरीना लिवलंय."

त्याच दिवशी तैयबानं पाटी माळ्यावर टाकली. नवऱ्याला काही विचारलं नाही. तेही काही बोलले नाहीत. संध्याकाळी समुद्राकडे बघत बसायचे, हाक मारली की जरा उशिरानं वळायचे. जेवण ती वेळेवर वाढायची. जवळ मात्र बसायची नाही.

आणि आता त्या बाईचं नाव आपल्या दारावर?

"न्हाय," ती अरिबाला म्हणाली होती. "आधी कळू दे, ही कोन."

निकेतनं भिंग पाटीवर धरलं. "ही एखाद्या गोल अंगावर बसवलेली असणार. कडेला स्क्रूची भोकं आहेत. वर मुकुट, खाली नापोली, म्हणजे शहराचं नाव. आणि हा शब्द, सिलूरो. तिकडचा एक मासा, आपल्या शिंगाळ्यासारखा. पण इटालियन लोक टॉर्पेडोलाही सिलूरोच म्हणतात."

"टॉर्पेडो?" अरिबानं विचारलं.

"पाण्याखालून जाऊन जहाज फोडतो तो. आणि हा तर अगदी सुरुवातीच्या काळातला, शंभर वर्षांहून जुना. अशी पाटी मी आजवर फक्त फोटोत पाहिली होती."

"आनि ती मरीना?" तैयबानं विचारलं.

"ते बाईचं नाव नव्हे, चाची. त्याच्याआधी 'आर' आहे, बघा. रेजिया मरीना. राजाचं आरमार."

तैयबा हसायला लागली, आणि हसता हसताच तिनं ओढणी डोळ्यांना लावली.

परतताना फेरीबोटीवर ती कठड्याला धरून उभी राहिली. खाडीवर फिकट सोनेरी धुकं पसरलं होतं. त्यात तिला तेलकट कपड्यांतला एक तरुण दिसला, लांबच्या बंदरावर एकटाच उभा. आपण याच्याकडे किती वर्षं पाठ करून झोपलो, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः चिंचेनं पाटी घासली. सुतार सदाला बोलावून ती दाराला बसवून घेतली. मग हमदुल्लांना हाताला धरून बाहेर आणलं. हल्ली ते स्वप्नात असल्यासारखे वावरत. बोलले तरी स्वतःशीच बोलत.

पाटी बघून त्यांचा चेहरा उजळला. ते अक्षरांवरून हळूहळू बोट फिरवू लागले.

तैयबा त्यांना खेटून उभी राहिली. "राजाच्या आरमाराची हाय," ती म्हणाली. "टॉर्पेडोवरची. आनि मी येडी, मला इतकी वर्सं वाटायचं, कुना बाईचं नाव हाय."

हमदुल्लांचं बोट थांबलं.

"टॉर्पेडोवरची?" त्यांनी नवलानं विचारलं. "मला काय ठाव. भंगारात पडली व्हती. मरीनाचं नाव दिसलं, म्हनून उचलली."