मांडीला कळतं

गाणं इतकं संथ चाललं होतं की पेटीवाला बहुधा डुलक्या देत वाजवत असावा. चर्चच्या रंगीत काचांतून ऊन आत आलं होतं आणि बसलेल्या माणसांवर सांडलं होतं. कुणाचा कान निळा, कुणाचं टक्कल लाल. त्या उजेडात शेवटच्या बाकाच्या टोकाला बाळाच्या आईचा भाऊ बसला होता, दोन्ही हात शालीत गुंडाळून. बाहेर उकाडा मी म्हणत होता. तरी शाल.

बहिणीनं बजावलं होतं, "दादा, ये, पण मागे बस. सासूबाई तेवढ्यावरच राजी झाल्यात. आणि हात तेवढे..." पुढचं तिला बोलवेना. कुष्ठरोग केव्हाच बरा झाला होता, डॉक्टरांनी तशी ग्वाही दिली होती. बोटं काही परत आली नव्हती. आज बहिणीच्या लेकीचा बाप्तिस्मा. त्याला तिला एकदा जवळ घ्यायचं होतं. एकदाच, मग तो गुपचूप आल्या वाटेनं गेला असता.

त्या चर्चची रीत अशी, की लेकरू आईनं थेट पाण्यापाशी न्यायचं नाही. घरातल्या वयानं सगळ्यांत थोर माणसानं ते घेऊन शेवटच्या बाकावर बसायचं, आणि तिथून ते हातोहात पुढे जायचं. ज्याच्याकडे येईल त्यानं कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढायचा आणि पुढच्याला द्यायचं. मागे फिरवायचं नाही. आवडता-नावडता तिथं चालत नाही.

थोर माणूस म्हणजे पणजी. दोन्ही डोळे गेलेले, जीभ मात्र ठणठणीत. तिनं क्रूस काढला. समोरच्या बाकावर तिची सून, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, बाळाची आजी, मागे वळून हात पसरून तयारच होती. सगळं घरून ठरवून आणलेलं: पणजीनं सरळ समोर द्यायचं, शेजारी वळायचं नाही. पण पणजीला शेजारी कुणीतरी श्वास घेताना ऐकू आलं. आता शेजारी माणूस असताना त्याला ओलांडून द्यायचं म्हणजे काय! ती वळली, चाचपडली, आणि तिचा हात शालीत शिरला.

"अरे, मूठ कसली आवळून बसलायस? भांडायला आलास का? उघड की. पोर द्यायचीय."

तो म्हणाला, "आजी, मूठ नाही ही. हात असाच आहे."

गाणं मध्येच थांबलं. पाण्यापाशी उभ्या असलेल्या बहिणीनं डोळे मिटून घेतले. सासूबाई उठल्याच. "आई, इकडे! अहो, इकडे द्या!"

पणजीनं कानाडोळा केला. ती तो हात पुढून, मागून, निवांत दाबून पाहत होती.

"दुखतो?"

"नाही. काही कळतच नाही हाताला. म्हणूनच नको म्हणतो, आजी. निसटली तरी मला कळायचं नाही." बोलता बोलता त्याला रडू फुटलं. कारण हे खरं होतं. लोकांचं सगळं सोसून झालं होतं, पण हे त्याचं त्यालाच सोसवत नव्हतं.

"मग मांडीवर घे. मांडीला कळतं की नाही?"

"कळतं."

"मग झालं तर! मला मेलीला दिसत नाही, म्हणून कुणी पोर दिली नाही का मला?"

आणि पोर आली. एवढंसं ओझं, पण मांडीला सगळं कळलं: ऊब, टाचांची धडपड, पोटातली गुडगुड. निळं ऊन तिच्या टोपड्यावरून सावकाश सरकत होतं. बाक, माणसं, मेणबत्त्या, सगळं कुठल्या कुठे लांब गेलं. जणू दुपारच्या झोपेत कुणीतरी पलीकडच्या खोलीत बोलतंय. क्रूस काढायचा होता, अंगठा तर नव्हता. तो वाकला आणि नाकाच्या शेंड्यानं त्यानं तिच्या कपाळावर एक रेघ उभी ओढली, एक आडवी. तिनं बोळकं पसरून जांभई दिली आणि झोपून गेली.

आता पुढच्याला द्यायचं. पुढे सासूबाई होत्या, आणि त्यांचे मघाचे पसरलेले हात छातीशी गेले होते. त्यांनी हात पुढे केल्याशिवाय पोर हलायची नाही. तो मान खाली घालून बसून राहिला. त्यांनी हिसकावून घेतली तर सगळ्यांदेखत काय करायचं, याची त्याला धास्ती वाटत होती. आणि आणखी थोडा वेळ मिळू दे, असंही वाटत होतं.

सासूबाई बाकाला वळसा घालून आल्या. तो अंग चोरून बसला. त्यांनी नातीकडे पाहिलं, त्याच्या ओल्या गालांकडे पाहिलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, त्याच्या शेजारी टेकल्या. तान्हीच्या मानेखाली त्याचा हात होता. त्याच्याखाली त्यांनी आपला तळवा सरकवला. त्याच्या हाताला ते कळलं नाही. त्यानं ते पाहिलं.

समोर पाळकसाहेब ओंजळीत पाणी घेऊन कधीचे ताटकळले होते. "आणा आता लेकराला," ते म्हणाले.

सासूबाईंनी वरसुद्धा पाहिलं नाही.

"थांबा हो जरा. मामाजवळ झोपलीय ती."