जिथल्या तिथे पाकीट

माझा नवरा परदेशात असतो. तिथल्या चलनात तो दरमहा ठरलेली रक्कम दिराच्या खात्यावर पाठवतो आणि भाऊजी त्याचे इथले पैसे पाकिटात घालून मला देतात. नवऱ्याकडे पैशांचा विषय काढला की तो फोनच ठेवतो.

परवा मोबाईलवर त्या चलनाचे वर्षभराचे जुने दर काढून बघितले. दर सारखा वर-खाली झालाय, माझं पाकीट मात्र जिथल्या तिथे. म्हटलं, पाणी कुठे मुरतंय ते कळलं.

भाऊजी दारात बूट काढत होते, तिथेच गाठलं. "दर हलतो, मग पाकीट कसं हलत नाही?"

ते नाडीशी चाळा करत राहिले.



"दराचं माझ्या डोक्यातच आलं नाही, वहिनी. दादाने पाठवणं कधीच बंद केलंय. पाकीट माझ्या पगारातलं असतं."