राणीचे दात

"तोंड उघडा न जी," आशाबाई म्हणाली. "अजून. जेवताना उघडता तसं."

देवाजी दारातल्या उन्हात बसला होता. तिनं नवऱ्याची हनुवटी धरली आणि तांदळाचा दाणा आधी उजव्या दातांशी लावून पाहिला, मग डाव्या. उजवीकडे ती रोज राख आणि मीठ घासत होती, डावीकडे बाभळीच्या कोळशाची वस्त्रगाळ पूड. समोरच्या दातांवर शेजारच्या गुणाबाईच्या सांगण्यावरून लिंबू चोळलं होतं. ते असे आंबले की गार पाणी पिववेना. वडशाच्या बाजारातल्या मंजनानं तर नुसते ओठ गुलाबी झाले.

"कोळशाची बाजू उजळली," ती म्हणाली. "आता सारं तोंड कोळशानंच."

"अवं, मी राणी आहो का बैल? किती घासशीन?"

"मागच्या साली राणी हासली, तं लोक काय ओरडले? राणीनं कच्ची कोंबडी खाल्ली म्हणून. इसरले का जी?"

तो विसरला नव्हता. पानानं रंगलेल्या त्या दातांपायी गावच्या नाटकातलं त्याचं राणीचं काम बिरजूकडे जायची वेळ आली होती. बिरजूला अजून मिसरूड फुटलं नव्हतं. मंडळाच्या सोमाजीनं देवाजीला बजावलं होतं, "भाऊ, यंदा लोक हासले, तं लुगडं उतरवून त्याले देऊन टाक." त्या दिवसापासून देवाजीनं पानाला हात लावला नव्हता.

त्यानं पुन्हा तोंड उघडलं.

नाटकाच्या दिवशी मंडप गच्च भरला. आशाबाई बायकांत बसली. पेट्रोमॅक्सच्या उजेडात राणी आली, चालली, थांबली. आशाबाईला तिची चाल दिसली नाही, लुगडं दिसलं नाही. ती फक्त ओठांकडे पाहत होती. राजाचं बोलणं संपलं. आता हसायचं होतं.

राणी हसली.

कोणी ओरडलं नाही. कोणी खोकलंसुद्धा नाही. सगळ्या मंडपात पेट्रोमॅक्सचा सूंऽऽ आवाज तेवढा ऐकू येत होता. आशाबाईचा हात आपोआप वर गेला आणि तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

शेजारची परगावची बाई तिच्या कानाशी वाकली.

"कोणाची वं ही?"

"मले नाई ठाऊक बाई," आशाबाई नजर न हलवता म्हणाली. "मोठ्या घरची दिसते."