मुलाकडची मंडळी

"तुमच्याबरोबर माणसं किती येतात?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"मी, एक व्हिडिओवाला आणि दिवे धरायला एक जण," फोटोग्राफर म्हणाला. "पण काळजी नको. आम्ही आहोत हे कुणाला कळतसुद्धा नाही."

"नाही नाही, कळलं पाहिजे."

फोटोग्राफरने मान वर केली. बुकिंगआधी लोक काय विचारतात हे त्याला पाठ होतं. फोटो किती देणार, अल्बम कधी देणार, आयत्या वेळी आजारी पडलात तर काय. ह्या गृहस्थाची गाडी वेगळ्याच रुळावर होती.

"तुम्ही जोरात हसता का?"

"कशाला?"

"सहज. लग्नात कुणीतरी जोरात हसणारं लागतं."

"व्हिडिओवाला हसतो. त्याला थांबवावं लागतं."

"थांबवू नका. आणि तुमच्यात वयाने मोठं कोण?"

"दिवेवाला. साठी उलटलीय, पण काम चोख."

"टक्कल?"

"आहे की."

"वा!" म्हणून लिफ्टवाल्याने तिथल्या तिथे बुकिंग करून टाकलं. फोटो बघितलेच नाहीत.

तिथून तो चार दुकानं सोडून फुलवालीकडे गेला. फुलवाली देठ छाटत होती. फुलं कोणती, रंग कोणता, ह्यात त्याला रस दिसला नाही.

"सजावट झाली की तुम्ही लगेच निघता का?"

"मग काय करू? पाहुण्यांत जाऊन बसू?"

"बसाल?"

फुलवालीने कात्री खाली ठेवली. "दादा, खरं सांगा. भानगड काय आहे?"

मग त्याने सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर बंद पडलेल्या लिफ्टच्या टपावर एकटा. लिफ्ट सुरू झाली की माणसं आत शिरत आणि हा जिन्याने खाली जाई. आईवडील कधीच गेले होते. भाऊ नाही, बहीण नाही. घरी बोलायला कुकर, आणि तोही शिट्टीच मारायचा.

एकदा दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट लिफ्टमध्ये अडकली. सुटा भाग येईपर्यंत हा दाराच्या बाहेर आणि ती आत, अशा दोघांच्या गप्पा झाल्या. आमचं घर म्हणजे नुसती धर्मशाळा, ती म्हणाली. मामा, माम्या, भावंडं, सगळी आता माझ्या वाटेकडे डोळे लावून बसली असतील. मध्ये तिचा फोन एकदाही वाजला नाही, त्यामुळे गप्पा छान रंगल्या. आणि त्या भरात हाही बोलून गेला, "आमच्याकडेही तसंच. पाय ठेवायला जागा नसते."

"आता लग्न ठरलंय," तो म्हणाला. "तिच्या बाजूला अख्खी फौज, आणि माझ्या बाजूला खुर्च्या."

"सांगून टाका की तिला."

"जिला एवढी माणसं आहेत, ती माझ्यासारख्या सडाफटिंगाच्या घरात कशाला येईल? पहिल्याच दिवशी भिंती खायला उठतील तिला."

फुलवालीने कात्री परत उचलली. "मी आत्या होईन," ती म्हणाली. "मावशी नको. मावशीला जीव लावावा लागतो, मला सीझनमध्ये वेळ नसतो. आत्याने नुसतं नाक मुरडलं तरी चालतं."

लग्नाची कामं त्याने आणि नवरीने वाटून घेतली होती. फोटो आणि फुलं त्याने बघायची, हॉल आणि जेवण तिने.

लग्नाच्या दिवशी त्याच्याकडचे सगळे वेळेवर आले. फोटोग्राफर चुलतभाऊ, दिवेवाला काका, व्हिडिओवाला लांबचा मामेभाऊ, फुलवाली आत्या. तिच्या दुकानातल्या दोघी पोरी आत्येबहिणी झाल्या.

पण नवरीकडचे! रुंद खांद्यांचे मामा, तीन माम्या, भावांची रांगच्या रांग. सगळे स्वच्छ, नीटनेटके, हात मागे बांधून अदबीने उभे. एकही जण उगाच खुर्चीवर टेकला नाही. दिवेवाल्याने घसा खाकरला, तर त्याने मागायच्या आत एक भाऊ पाणी घेऊन हजर. लिफ्टवाला बघतच राहिला. घर असावं तर असं. अशा घरातून हिला उचलून आपण दोन खोल्यांत नेणार.

नवरी हसत त्याच्या माणसांपाशी आली.

"ही माझी आत्या."

फुलवालीने नाक मुरडलं. "बारीक आहेस गं. खात जा."

नवरी खूश झाली आणि दिवेवाल्याकडे वळली. "काका, हा लहानपणी कसा होता हो?"

हे कुणी बसवलंच नव्हतं. चुलतभावाने कॅमेरा डोळ्याला लावला. आत्येबहिणी फुलांकडे बघू लागल्या.

दिवेवाल्याने डोक्यावरून हात फिरवला. "अंधाराला घाबरायचा," तो म्हणाला. "दिवा घेऊन मलाच उभं राहावं लागायचं."

लिफ्टवाल्याचे डोळे भरून आले. ते खोटं आहे हे त्याला क्षणभर आठवेना.

नवरीचेही भरले. "किती माया आहे रे तुमच्याकडे," ती हळूच म्हणाली.

सह्या झाल्या. टाळ्या झाल्या. मामेभाऊ छत उडेल असा हसला आणि त्याला कुणी थांबवलं नाही. निभावलं, लिफ्टवाल्याला वाटलं. आता जेवणं उरकली की सुटलो.

त्याच्याकडच्यांना सकाळपासून भूक लागलेली. ते भराभर टेबलांवर जाऊन बसले. नवरीकडचं मात्र कुणी जागचं हललं नाही. मोठ्या घरची रीत, लिफ्टवाल्याला वाटलं. तो मामांपाशी गेला.

"मामा, असं कसं? आधी तुम्ही बसायचं. तुम्ही मुलीकडचे!"

मामांनी माम्यांकडे बघितलं. माम्यांनी नवरीकडे बघितलं. नवरी आपल्या चपलांकडे बघत होती.

मग मामांनी खिशातून घडी घातलेला पांढरा एप्रन काढला आणि कमरेला बांधला. मागे तिन्ही माम्यांनी बांधला, रांगेतल्या भावांनी बांधला. मामा नवरीच्या कानाशी वाकले आणि शक्य तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, वाढायला घ्यायचं का?"