सरांचे लाल ठिपके

"तू प्रोब घालायलाच विसरतेस," देवस्थळी सर म्हणाले. उंदराच्या मेंदूत एका जनुकाच्या आरएनएला प्रोब, म्हणजे चमकत्या खुणेचा रेणू, चिकटला की लाल ठिपके चमकतात, हे पहिल्यांदा त्यांनीच दाखवलं होतं. त्या ठिपक्यांच्या फोटोवर त्यांचं नाव झालं. मी तयार केलेल्या मेंदूच्या पातळ कापांवर मात्र तीनदा अंधारच.

चौथ्यांदा त्यांनी माझ्या हातातून प्रोबची नळी काढून घेतली. मेंदूची स्वतःची लाल चमक घालवायला मी काप आधी दिव्याखाली ठेवायचे, तेही "नसते उद्योग" म्हणून गाळलं. थेंब स्वतः सोडला.

दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली लाल ठिपके लखलखले. "बघ! याला हात बसलेला लागतो."

"सर," मी म्हटलं, "त्या नळीत प्रोब नव्हताच. या वेळी पडताळायला मी मुद्दाम नुसतं पाणी भरलं होतं."

सर भिंगावरून डोळा काढीनात.